डावीकडे उतरलेला कोट

"हात खाली सोड," मास्तर म्हणाले. तोंडातल्या दोन टाचण्या त्यांनी स्वतःच्या कॉलरला खोचल्या आणि टेपचं टोक मुलाच्या खांद्याला लावलं.

मुलगा दारात उभा होता, एक पाय आधीच बाहेर. घरात त्याला अजून छोटूच म्हणत, आणि चौकटीखालून जाताना त्याला मान वाकवावी लागे. औषधांची गाडी चालवायचा.

"बाबा, गाडी निघून जाईल."

"तूच चालवतोस ना? मग कशी जाईल?"

मास्तरांनी डावी बाजू मोजली, मग उजवी, मग पुन्हा डावी. कोट डावीकडे अर्धं बोट उतरला होता. कापड चांगलं होतं, खांदे नीट बसले होते, पण खालची कड तिरकी. हा कोट त्यांनी स्वतः बेतलेला, स्वतः कापलेला. चाळीस वर्षांत शेकडो कोट त्यांच्या हातून गेले, एकही असा वाकड्या तोंडाने बाहेर पडला नव्हता.

अस्तर कुठे ओढलं गेलंय का, हे बघायला त्यांनी आत हात घालायला घेतला. छोटू चटकन मागे सरला.

"आता नको. शनिवारी देतो काढून," म्हणाला, आणि दोन दोन पायऱ्या एकदम उतरत गेला.

मास्तर टेप गुंडाळत आत आले. "हात उतरला माझा," ते म्हणाले.

खिडकीशी छोटूची आई, सगळ्या इमारतीच्या काकू, काज करत बसल्या होत्या. त्यांनी सुईवरची नजर काढली नाही. "हात कशाला उतरेल? तो चालतोच एका अंगाने. लहानपणापासून."

"मी त्याचे कपडे लहानपणापासून शिवतोय. सरळ चालतो तो."

"मग चष्मा बदला," काकू म्हणाल्या.

मास्तर टेबलाशी जाऊन बसले, उठले, पुन्हा बसले. समोर एका गिऱ्हाइकाची विजार पडली होती. त्यांनी तिच्यावर खडूने रेघ ओढली आणि खडू नेहमीच्या जागी अडखळला. टेबलाला तिथे भोक होतं. मेण भरून बुजवलं होतं, तरी खडूला ते कळायचंच. त्याच्या बरोब्बर वर, छताच्या फळीत, दुसरं भोक होतं. ते कुणी बुजवलं नव्हतं.

ही तीन मजली जुनी इमारत, जमिनी लाकडी फळ्यांच्या, बिऱ्हाडं नऊ. मास्तर दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत काम, मागच्या दोन खोल्यांत संसार. त्यांच्या डोक्यावर घड्याळजी राहत. गेल्या वर्षी घड्याळजींचं दुकान दिवसाढवळ्या लुटलं गेलं. त्यानंतर त्यांनी रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं. दीड महिन्यापूर्वी ते पुसायला बसले. रिकामं आहे असं त्यांना वाटत होतं. गोळी फळीतून खाली आली आणि मास्तरांच्या टेबलात रुतली. मास्तर तेवढ्यात पाणी प्यायला उठले होते. पहिला आठवडाभर त्यांनी ही हकीकत भेटेल त्याला सांगितली, मग एकाएकी सांगायची बंद केली.

आता रविवारी सभा होती. ठराव एवढाच, की इमारतीच्या आत कुणीही पिस्तूल ठेवायचं नाही. ज्याच्याकडे असेल त्याने ते बाहेर, चौकीत नाहीतर कामाच्या जागी जमा करून यावं. चार बिऱ्हाडं ठरावाच्या बाजूने होती, चार विरुद्ध. मास्तरांचं मत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ज्याच्या टेबलात गोळी, त्याला कसला आलाय प्रश्न? पण मागच्या सभेत सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "विचार करून सांगतो." तेव्हापासून त्यांच्याकडे माणसांची ये-जा वाढली होती. कुणाचं बटण तुटलेलं असे, कुणाची शिवण उसवलेली.

"डोक्यावर भोक पडलं तरी यांचा विचार चाललाय," काकू म्हणत. "अजून कुठे पडायला हवंय?"

त्याच दुपारी घड्याळजी विजार घेऊन आले. "कंबर दोन इंच आत घ्यायचीय, मास्तर."

मास्तरांनी टेप लावला. दोन नव्हे, तीन इंच. हा माणूस वर्षभरात वाळून अर्धा झाला होता.

"तुमची मी किती वेळा माफी मागू?" घड्याळजी छताकडे न बघता म्हणाले.

"मागू नका. हात वर करा."

घड्याळजींनी हात वर केले, आणि तसेच राहिले. "अकरा मिनिटं," ते म्हणाले. "असाच उभा होतो. भिंतीवर सतरा घड्याळं, सगळी बरोबर वेळ दाखवत होती, म्हणून नक्की सांगतो. बायको शेजारी. त्यातला एक तिच्या कानातलं ओढत होता आणि मी हात वर करून बघत होतो. पोलीस आले चाळीस मिनिटांनी. चांगली माणसं होती, पाणी पण दिलं त्यांनी. पण चाळीस मिनिटांनी."

"खाली करा हात."

"चोर काय तुमच्या सेक्रेटरीला विचारून पिस्तूल घेतो? नियम पाळणार कोण? मी. म्हणजे ज्याच्याकडून काढून घ्यायला हवं त्याच्याकडे राहणार, आणि मी पुन्हा हात वर करून उभा. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, मास्तर."

मास्तरांनी टाचणी खोचली. त्यांना बोलायचं होतं, पण समोर छोटूचा चेहरा आला. थंडी सुरू झाली त्या आठवड्यात तो एका संध्याकाळी तोंडावर रुमाल धरून घरी आला होता. डेपोपासून घरापर्यंत अर्ध्या तासाची वाट; मध्ये बंद गोदामांची रांग, दिवे असून नसल्यासारखे. तिथे दोघांनी त्याला धरून मारलं होतं. पगाराचं पाकीट गेलं आणि पुढचा एक दात. त्या दिवशी मास्तरांच्या मनात आलं होतं, की पोराच्या हातात काहीतरी असायला हवं होतं. ते कुणाला बोलले नाहीत. मनात आलं एवढं खरं.

"तुम्हाला झोप लागते का?" त्यांनी घड्याळजींना विचारलं.

"नाही. तीन-तीनदा उठून कप्पा बघतो, रिकामं आहे ना, कुलूप आहे ना." घड्याळजी ओशाळं हसले. "पूर्वी चोराच्या भीतीने उठायचो. आता पिस्तुलाच्या भीतीने उठतो. पण मास्तर, दार वाजलं तर काहीतरी आहे, एवढं तरी वाटतं."

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. अप्पा म्हणजे खालच्या मजल्यावरच्या सिस्टरचे वडील. चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. आता त्यांना दिवस, वार, कधी कधी लेकीचं नावही आठवत नसे, पण तिकिटांचा हिशेब राहिलाय हे पक्कं ध्यानात होतं. रोज दुपारी ते मास्तरांकडे येत आणि दारामागच्या खुंट्यांवर लटकणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कोटांचे खिसे एकामागून एक तपासत.

"पुढे सरका, पुढे सरका," अप्पा कोटांना म्हणत होते. "तिकीट?"

"त्याने काढलंय, अप्पा," मास्तर म्हणाले. "त्या करड्याला विचारा. तो फुकट्या दिसतो."

अप्पांनी करड्या कोटाचे चारही खिसे उलटे करून पाहिले, आतला चोरखिसासुद्धा. बोटं अजून चपळ होती. एक जुनं बटण मिळालं, ते त्यांनी काकूंना नेऊन दिलं. काकूंनी ते "सुटे पैसे" म्हणून ठेवून घेतलं, रोजच्यासारखं.

कामावरून सुटल्यावर सिस्टर त्यांना न्यायला आली. ती उभ्या उभ्याच बोलली. तिच्या पायांना बसायची सवय राहिली नव्हती.

"मास्तर, मी तुम्हाला समजवायला आलेली नाही."

"मग एवढ्या इमारतीत तू एकटीच."

ती हसली. मग म्हणाली, "अपघात विभागात मला नऊ वर्षं झाली. गोळी लागलेली माणसं येतात ना, त्यांत चोर बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे घरातले. नवऱ्याने बायकोला, भावाने भावाला. आणि जास्त करून ज्याने त्याने स्वतःला. चोरासाठी आणलेलं असतं हो. पण चोर काही रोज येत नाही. ते घरात बसून वाट बघत राहतं, आणि घरात भांडण तर रोज असतं."

"घड्याळजी भांडखोर नाही."

"नाहीच. म्हणूनच सांगते. वाईट माणसाच्या हातून झालं असतं तर मला एवढं वाटलं नसतं." ती छताकडे बघत होती. "तुम्ही पाणी प्यायला उठला होतात."

"आणि तू? रात्रपाळीहून एकटी येतेस. तुला भीती नाही वाटत?"

सिस्टरने अप्पांच्या शर्टाचं बटण लावलं. "वाटते. दोनदा पिस्तुलाच्या दुकानापर्यंत जाऊन आले. काचेतून बघितलं. मग घरी अप्पा आहेत हे आठवलं." तिने वडिलांचा हात धरला. "चला. शेवटचा स्टॉप आला."

ती गेल्यावर मास्तरांनी खोलीत फेऱ्या मारायला सुरुवात केली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. घड्याळजी बोलला तेव्हा तो खरा वाटला. सिस्टर बोलली तेव्हा ती खरी. दोघांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, हीच तर अडचण होती.

"जमीन झिजेल," काकू म्हणाल्या. "मग घड्याळजीची गोळी थेट तळमजल्यावर."

"तुला काय वाटतं, ते तरी सांग."

काकूंनी दोरा दाताने तोडला. "मला विचारून काय होणारय? मत घराचं एक, आणि सही तुमची."

शनिवारी सकाळी छोटू लांबची फेरी करून आला, जेवला आणि आतल्या खोलीत झोपला. काकू बाजारात गेल्या. मास्तरांना कशात हात गुंतवावा कळेना. काकूंच्या टोपलीत छोटूचा कोट घडी करून ठेवला होता, वर दोऱ्याचं रीळ. बटण लावायचं असावं. पोराचं शिवण-टिपण काकूच बघत. मास्तरांनी कोट उचलला. सभेचं काय व्हायचं ते होवो, निदान ही चूक तरी आज निस्तरायची.

त्यांनी तो हँगरला लावून खुंटीवर टांगला, दोन पावलं मागे आले आणि बघतच राहिले.

कोट सरळ होता.

त्यांनी चष्मा पुसला. टेप लावला. डावी कड, उजवी कड. धाग्याचाही फरक नव्हता. म्हणजे हात उतरला नव्हता. क्षणभर त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते एकटेच हसले. मग हसू थांबलं. रिकामा कोट सरळ आणि अंगातला तिरका, म्हणजे काय, हे चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

त्यांनी डाव्या बाजूला आत हात घातला. त्यांनी शिवलेल्या खिशाच्या खाली आणखी एक खिसा होता. जाड कॅनव्हासचा, तळाला दुहेरी. बोटं बाहेर काढून त्यांनी वास घेतला. मशीनच्या तेलासारखा होता, पण मशीनच्या तेलाचा नव्हता. अस्तर उलटं करून ते खिडकीपाशी गेले. तुरपाई बारीक, एकसारखी, आणि टाके उलट्या अंगाला कललेले. डावखुऱ्या हाताचे. या हाताची तुरपाई त्यांच्या प्रत्येक कोटाला होती; गिऱ्हाइकं तिचीच तारीफ करून जात.

काकू पिशवी घेऊन आत आल्या तेव्हा कोट टेबलावर पसरलेला होता, अस्तर वर करून. काकूंनी पिशवी खाली ठेवली.

"ओळखलीत," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दात गेला तेव्हापासून. परवाना कंपनीने काढून दिला. त्याने मला येऊन सांगितलं, आई, नुसतं खिशात ठेवलं तर अस्तर फाटतं."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही महिनाभर मोजत बसला असतात. पोरगा तोवर त्या गोदामांतून रोज येत होता." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला नाही येत मोजता. मला एक दात दिसला, मी एक खिसा शिवला."

मास्तरांना राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट हिने जे केलं तेच आपल्या मनात येऊन गेलं होतं, हे आठवलं आणि ते अधिकच अस्वस्थ झाले.

"आता ते कुठे आहे?"

"उशाखाली. झोपताना उशाखाली, उठला की कोटात."

"आणि जेवताना?"

"जेवताना कशाला लागतंय? कोटातच."

"कोट कुठे असतो?"

काकूंनी दाराकडे बघितलं. दारामागे खुंट्या होत्या. गिऱ्हाइकांचे पाच कोट, आणि शेवटची, छोटूची, खुंटी रिकामी. त्या बघत राहिल्या. जिन्यावर कुणीतरी सावकाश चढत होतं, एका पायरीवर थांबून, दुसरीवर थांबून, जसं चालत्या बसमध्ये माणूस तोल सावरत पुढे सरकतो तसं.

"तिकीट," अप्पा दारातून म्हणाले आणि पहिल्या कोटाच्या खिशात हात घातला.

काकू खुर्चीचा हात धरून बसल्या. छोटू रोज सकाळी निघून जायचा, अप्पा यायचे दुपारी. पण शनिवारी छोटू घरी असायचा. दुपारी उठून जेवायचा. गेल्या शनिवारी, त्याच्या आधीच्या शनिवारी. पाचही कोट तपासून अप्पा सहाव्या खुंटीपाशी आले, हात पुढे केला, तिथे काही नव्हतं. ते जरा गोंधळले.

"हा उतरला वाटतं," ते म्हणाले.

छोटू उठला तेव्हा मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की उद्या ते ठरावाच्या बाजूने मत देणार आहेत. छोटूने ताटावरून मान वर केली नाही.

"करा," तो म्हणाला. "डेपोत कपाट आहे, ठेवीन तिथे. गाडीत असताना ते जवळ राहील, पण गाडीत मला कुणी मारलेलं नाही, बाबा. मारलं डेपोपासून घरापर्यंतच्या वाटेवर. तिथे मी रिकामा असणार. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं तेवढं सांगा."

काकूंनी मुलाला वाढलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

रविवारी सगळे तळमजल्यावरच्या बोळात उभे राहिले. सेक्रेटरींनी वही उघडली, एकेक बिऱ्हाड विचारलं आणि शेवटी म्हणाले, "मास्तर?"

"ठरावाच्या बाजूने," मास्तर म्हणाले. "आणि वहीत आणखी एक लिहा. आमच्या घरातही एक आहे. आज संध्याकाळी जाईल."

बोळात कुजबुज झाली. सिस्टरने चटकन वर पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या वडिलांच्या हाताकडे. तिने तो हात आपल्या हातात घेतला.

जिन्यात घड्याळजींनी मास्तरांना गाठलं. रागावलेले नव्हते, दमलेले होते. "माझ्या बायकोलाही बरंच वाटेल," ते म्हणाले. "पण मला सांगा, उद्या ते आत कुलपात ठेवून दुकान बंद करताना माझ्यामागे कोण उभं राहणार? तुम्ही?"

टोमणाच होता तो. मास्तरांनी मान खाली घातली आणि वर गेले.

सोमवारी सकाळी, छोटू निघायच्या आधी, काकूंनी अस्तराचे टाके स्वतः उसवले. कॅनव्हासचा तुकडा त्यांनी टाकला नाही, चिंध्यांच्या पिशवीत ठेवला. मास्तरांनी ते पाहिलं. संध्याकाळी सहा वाजता त्यांनी काम बाजूला सारलं, मफलर गुंडाळला आणि छत्री घेतली.

"पाऊस कुठाय?" काकू म्हणाल्या.

"नाहीये."

काकू त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी शाल घेतली आणि दाराला कुलूप लावलं. गोदामांच्या रांगेत तीन दिवे होते, त्यांतला एक फडफडत होता. मास्तर छत्री जमिनीवर टेकवत जरा मोठ्याने चालले.

डेपोच्या फाटकातून छोटू बाहेर आला. त्याने आईला पाहिलं, बापाला पाहिलं, छत्री पाहिली.

"हे काय?"

"पाय मोकळे करायला आलो," मास्तर म्हणाले.

"रोज करणार?"

"बघू."

छोटू हसला नाही, पण मधे आला. एका बाजूला आई, एका बाजूला बाप. फाटकावरच्या दिव्याखाली मास्तरांनी सवयीने कोटाकडे पाहिलं. दोन्ही कडा एका रेषेत होत्या. कोट इतका नीट बसला होता, की मास्तरांनी नजर काढून घेतली.

गोदामांपाशी मागून पावलं ऐकू आली. काकूंनी छोटूचा दंड धरला. पावलं जवळ आली, शेजारून गेली. डबा घेऊन घरी चाललेला एक माणूस होता. तोही त्यांच्याकडे घाबरूनच बघत गेला.

चौकात घड्याळजींच्या दुकानात उजेड होता. ते बाहेर उभे राहून शटर ओढत होते, पाठ रस्त्याकडे. अर्ध्यावर थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं, पुन्हा ओढायला लागले. मास्तर रस्त्याच्या अलीकडे थांबले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. छत्री त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "त्याचं कुलूप लागू दे."